उंबरठ्याबाहेरचा अभंग

आषाढी एकादशी सिडनीत ऐन थंडीत येते. तिकडे पंढरीत पावसाची झड लागलेली असते आणि इकडे टूनगॅबी, पेंडल हिल, वेंटवर्थव्हिलच्या परिसरातली आपण मंडळी स्वेटर-जाकिटे चढवून एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये जमतो. पेटी-तबला असतो, टाळ असतात, साबुदाण्याच्या खिचडीचा वास दरवळत असतो. आणि कार्यक्रम रंगात आला की कोणीतरी हमखास अबीर-गुलालाचा तो सुप्रसिद्ध अभंग सुरू करतो. पं. जितेंद्र अभिषेकी यांनी गायलेला हा अभंग आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. मुले टाळ्या धरतात, मोठे माना डोलावतात, आणि सगळ्यांच्या मनात एक भाव दाटून येतो : विठ्ठलाची वाट पाहण्यात केवढा आनंद आहे!

या भावाविषयीच थोडे लिहायचे आहे. कारण हा अभंग, आणि ज्याच्या नावावर तो आहे त्या चोखोबांची बहुतेक कविता, आपण ज्या सुरात ऐकतो त्या सुरात लिहिलेली नाही, असे माझे मत आहे.

अभंग चोखामेळ्याच्या नावाचा आहे. पहिल्या कडव्यात रंग उधळले जात आहेत आणि सखा पांडुरंग आनंदाने नाचतो आहे. इथपर्यंत सगळा उत्सवच. दुसऱ्या कडव्यात मात्र गाणारा आपली जात सांगतो, आपल्याला दाराच्या चौकटीला स्पर्श करण्याचीही मुभा नाही हे सांगतो, मग देव डोळ्यांनी दिसायचा कसा असे विचारतो, आणि अखेर पायरीपाशीच गाण्यात रमायचे ठरवतो. पुढची कडवी चंद्रभागेच्या वाळवंटातली आहेत. म्हणजे पाहा : देव आत आहे आणि गाणे अथपासून इतिपर्यंत बाहेर आहे. तो वाळवंटात नाचतो, कारण त्याला देवळात जाता येत नाही. आपण मात्र हे कडवे पहिल्या कडव्याच्याच उत्साहात म्हणून पुढे जातो. चाल इतकी प्रसन्न आहे की शब्दांना बोच उरत नाही.

यात अभिषेकीबुवांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मंगेशीच्या देवळात अभिषेक करणाऱ्या घराण्यातला हा गायक. त्यांचे अभिषेकी हे आडनावही त्यावरूनच आले. गाभाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या जवळीक असलेल्या घरातल्या माणसाने उंबरठ्याबाहेरच्याचे शब्द घरोघर पोचवावेत, ही गोष्ट साधी नव्हे. प्रश्न गाणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे.

एक शंका इथेच निकालात काढावी. हा अभंग खरोखर चोखोबांचा आहे का? परंपरेप्रमाणे चोखोबा १३३८ साली वारले. या अभंगाची भाषा मला तरी इतकी जुनी वाटत नाही. शिवाय देव ‘नाथा’च्या घरी नाचतो असा त्यात उल्लेख आहे. हे नाथ म्हणजे पैठणचे एकनाथ असतील, तर त्यांचा काळ सोळाव्या शतकाचा, म्हणजे चोखोबांनंतर दोनशे वर्षांचा. देव श्रीखंड्या होऊन एकनाथांच्या घरी पाणी भरत राहिला ही कथा सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा हे शब्द नंतरच्या कोणीतरी चोखोबांच्या नावावर रचले असावेत, असे मानायला जागा आहे. पण त्याने अभंगाचे मोल कमी होते का? माझ्या मते उलट ते वाढते. एक माणूस उंबऱ्याशी उभा राहिला, गेला. दोनशे किंवा चारशे वर्षांनी दुसरा कोणीतरी त्याच उंबऱ्याशी येऊन पोचला, आणि त्याला आपले म्हणणे मांडायला त्या पहिल्या माणसाचेच नाव योग्य वाटले. नाव बदलण्याची गरज पडली नाही, कारण दार तसेच बंद होते.

आता या ‘वाट पाहण्या’कडे जरा बारकाईने पाहू. आपल्या संतवाङ्मयात वाट पाहण्याचे निदान तीन प्रकार आहेत आणि आपण ते एकाच पिशवीत कोंबतो. पहिला प्रकार देवाचा. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता म्हणून देव विटेवर थांबला, आणि अठ्ठावीस युगांचा हिशेब झाला तरी तो तिथेच आहे. इथे थांबणारा थोर आहे आणि स्वखुशीने थांबला आहे. दुसरा प्रकार विरहिणीचा. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांमधली स्त्री प्रियकर येईल म्हणून तळमळते. देव दूर आहे, तो आलेला नाही, आणि त्याचे न येणे हाच प्रेमाचा कस आहे. इंद्रायणीकाठी तेरा दिवस बसून राहिलेल्या तुकोबांची कथाही याच जातीची. देवाने परीक्षा पाहिली, भक्त टिकला, वह्या तरल्या.

तिसरा प्रकार चोखोबांचा, आणि तो या दोहोंहून मुळातच वेगळा आहे. त्यांचा देव दूर नाही. तो समोर, काही पावलांवर आहे. त्याने यायला उशीर केलेला नाही. मध्ये दार आहे, आणि दार माणसांनी लावले आहे. विरहिणीचे थांबणे देव आणि भक्त या दोघांतले आहे; चोखोबांच्या थांबण्यात तिसरा पक्ष आहे. हा तिसरा पक्ष गाळला की चोखोबांचे सगळे अभंग विरहिण्या होऊन जातात : गोड, आर्त आणि निरुपद्रवी. आपल्या कीर्तनांत, कॅसेटींत आणि आता फोनवर ऐकल्या जाणाऱ्या भक्तिगीतांतही बहुधा हेच झाले आहे.

लोककथा मात्र आपल्यापेक्षा चाणाक्ष निघाली. चोखोबांच्या कथांमध्ये देव काय करतो ते आठवा. तो त्यांचा हात धरून त्यांना आत नेतो. तो त्यांच्या पंगतीला बसतो. सोयराबाईच्या बाळंतपणात नणंदेचे रूप घेऊन तो घरी राबायला येतो. प्रत्येक कथेत देव उंबरा ओलांडतो आणि दरवेळी रागावतात ती माणसे. म्हणजे ज्यांनी या कथा रचल्या आणि सांगितल्या, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : देवाने चोखोबांना ताटकळत ठेवलेच नाही.

खुद्द चोखोबांची वाणीही आपण समजतो तितकी सोशिक नाही. एका अभंगात बडवे त्यांना मारीत आहेत, देवाच्या गळ्यातला हार तुझ्याकडे आलाच कसा असा जाब विचारीत आहेत, आणि चोखोबा विठ्ठलाला बजावतात की आता धावत ये, रेंगाळू नकोस. वाट पाहणाऱ्याने देवाला चालण्याचा वेग वाढवायला सांगावे, याला सहनशीलता कसे म्हणायचे? दुसऱ्या ठिकाणी ते विटाळाच्या कल्पनेचाच समाचार घेतात. पाचही महाभूतांनाच तो लागलेला असेल, वेदशास्त्रेही त्यातून सुटत नसतील, तर सोवळा उरला कोण, असा त्यांचा सवाल आहे. हा युक्तिवाद सरळ आहे, आणि आजही त्याला उत्तर नाही.

पण समीक्षकाने सोयीचे तेवढेच वेचू नये. याच गाथेत चोखोबांचा एक अभंग असा आहे की त्यात ते आपला हीन जन्म म्हणजे पूर्वजन्मी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ आहे असे म्हणतात. विटाळाला जाब विचारणारा आणि विटाळ हे आपल्याच कर्माचे फळ मानणारा, असे दोन चोखोबा एकाच पोथीत शेजारी शेजारी आहेत. यातला खरा कोणता? मला वाटते दोन्ही. ज्याला जन्मभर दाराबाहेर ठेवले आहे, त्याच्या मनात कधी दार लावणाऱ्यांचा राग येणार, आणि कधी आपलेच काहीतरी चुकले असेल ही शंकाही येणार. लांबलेल्या प्रतीक्षेचे हे सर्वांत क्रूर काम असते : ती माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावते. म्हणून त्या दुसऱ्या अभंगाला ‘केवढी ही नम्रता’ असे म्हणणे मला पटत नाही. तो जखमेचा पुरावा आहे.

हे एका माणसाचे नव्हे, एका घराचे काव्य आहे हेही आपण विसरतो. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग उपलब्ध आहेत. सोयराबाईचा एक अभंग किशोरी आमोणकरांनी असा काही गायला आहे की तो ऐकताना भक्त आणि देव यांच्यातले अंतर खरोखर मिटल्यासारखे वाटते. पण त्याच अभंगाच्या शेवटी ती आपली ओळख नवऱ्याच्या नावाने आणि जातीने देते. अद्वैताच्या शिखरावर पोचल्यावरही तिला ती ओळख सांगावी लागते, किंवा मुद्दाम सांगावीशी वाटते. आणि हीच सोयराबाई दुसरीकडे रोखठोक विचारते की विटाळावाचून निर्माण झालेला देह कुठे आहे तो दाखवा. हा तिचा दुसरा अभंग आपल्या कार्यक्रमांत मी अद्याप ऐकलेला नाही.

मुलगा कर्ममेळा याहून पुढे जातो. तो देवालाच फैलावर घेतो : आम्हाला हलक्या जातीत घातलेस, आमचा जन्म दुसऱ्यांचे उरलेसुरले खाण्यात गेला, याची तुला काही शरम? बापाने देव आणि देवाचे दारवान यांच्यात निदान फरक केला होता. मुलाला तो फरक करण्याचे कारण दिसत नाही. दोन पिढ्यांत वाट पाहण्याची भाषा कशी बदलते, याचे इतके जुने उदाहरण मराठीत मला दुसरे माहीत नाही. पण बापाइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की कर्ममेळाही हे सगळे देवालाच सुनावतो आहे. ज्याच्याशी आपले नाते उरलेले नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही.

चोखोबांच्या मृत्यूची कथा कीर्तनात डोळ्यांना पाणी आणते. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली, माणसे गाडली गेली, नामदेवराय आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली. श्रोते त्या नामध्वनीपाशी गहिवरतात. ते योग्यच आहे. पण ती भिंत कसली होती? गावकूस म्हणजे गावाची वेस सांभाळणारी भिंत. ज्यांची वस्ती तिच्या बाहेर, त्यांतलेच चोखोबा. जी भिंत त्यांना बाहेर ठेवीत होती तीच बांधताना ते तिच्याखाली सापडले. हाडांतून नाम आले हे सांगताना एवढे एक वाक्य जोडायला कीर्तनकाराला कितीसा वेळ लागेल?

नामदेवरायांनी त्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. मित्राने मित्रासाठी केलेली ती शेवटची रदबदली होती : आत नाही तर निदान दारापाशी. पुढे काय झाले? पुढची कित्येक शतके अस्पृश्य वारकऱ्यांनी चोखोबांच्या समाधीपर्यंतच यावे, त्यापलीकडे नाही, अशी रीत पडली. ज्याला आत येता आले नाही त्याचे स्मारकच बाकीच्यांसाठी हद्दीचा दगड झाले. आपण संतांचा गौरव कसा करतो आणि त्या गौरवाचाच अडसर कसा करतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

ते दार उघडले ते १९४७ मध्ये. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. १३३८ ते १९४७ ही सहाशे नऊ वर्षे होतात. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते, तेव्हा कुठे हा उंबरा ओलांडता आला. पुढे जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे-उत्पातांचे परंपरागत हक्कही संपले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी ब्राह्मणेतर पुजारी व स्त्रियाही नेमल्या. ज्या बडव्यांच्या माराची तक्रार चोखोबांनी देवाकडे केली होती, तिचा निकाल दिल्लीच्या कोर्टात लागला असे गमतीने म्हणता येईल. पण ही गंमत जपूनच करावी.

मधल्या काळात एका माणसाने वाट पाहणेच थांबवले होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षे तो चालू राहिला. दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अनेकांना तेव्हापासून चोखोबा हे लाचारीचे प्रतीक वाटू लागले, आणि जोहार घालणारा, उष्ट्यासाठी आल्याचे सांगणारा संत नव्या पिढीने आदर्श म्हणून नाकारला तर त्यात नवल काहीच नाही. तरीही बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या नावे लिहिली. चोखोबांचा मार्ग त्यांनी सोडला. चोखोबांना सोडले नाही. त्यांच्याकडून आपण निदान एवढे शिकावे की आदर करण्यासाठी अनुकरण करावे लागत नाही, आणि दार सोडून निघून जाणाऱ्याची श्रद्धा डळमळीत होती असा निवाडा दाराच्या आतल्यांनी देऊ नये.

आता आपल्याकडे वळू. परदेशात आल्यापासून वाट पाहणे हा आपलाही स्थायीभाव झाला आहे. कायमच्या वास्तव्याचा शिक्का, नागरिकत्व, आणि सर्वांत कठीण म्हणजे आईवडिलांना कायमचे इकडे आणणे. साध्या पेरेंट व्हिसासाठी तीस वर्षांच्या आसपास थांबावे लागेल असे ऑस्ट्रेलियन सरकार स्वतःच सांगते. सत्तरीच्या आईच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ काय होतो ते मी लिहायला नको. अशा वेळी घरात देवापुढे बसून हे अभंग लावले तर मनाला आधार मिळतो, आणि तो घेऊ नये असे म्हणणारा मी कोण?

पण माझ्या व्यवसायात रांगांचे एक शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या अभियंत्याने १९०९ च्या सुमारास त्याचा पाया घातला. किती माणसे येतात, किती माणसांचे काम होते, यावरून सरासरी किती थांबावे लागेल याचे गणित त्यात मांडतात. त्या गणिताची एक अट असते : पलीकडे कोणीतरी काम करीत असले पाहिजे, रांग हळू का होईना पुढे सरकली पाहिजे. सेवेचा दर शून्य ठेवला तर उत्तर अनंत येते. मग ती रांग राहत नाही, भिंत होते. आपल्या फाइलला नंबर आहे. नियम जाचक असेल, पण तो छापलेला आहे, त्याविरुद्ध खासदाराला पत्र लिहिता येते. आणि मुख्य म्हणजे या रांगेत आपण आपल्या पायांनी येऊन उभे राहिलो. चोखोबा रांगेत नव्हतेच. आजही पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहणारा वारकरी दमतो, पण आपण पोचणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून चोखोबांची वाट आणि आपली वाट एकच, असे मानून डोळे पुसणे हे थोडे स्वस्तातले सुख आहे.

त्याहून अवघड प्रश्न असा की आपण दाराच्या कोणत्या बाजूला आहोत? नव्या माणसाची ओळख होताच आडनाव विचारायचे, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारायचे, तेही पुरेसे झाले नाही तर ‘तुमच्याकडे लग्नात काय पद्धत असते’ असे आडवळणाने काढून घ्यायचे, ही आपल्या जेवणावळींतली नेहमीची शोधमोहीम आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण ज्याला विचारले जाते त्याला त्या क्षणी आपण कुठल्या पायरीशी उभे आहोत हे नेमके कळते. मग त्याच संध्याकाळी चोखोबांचा अभंग टाळ्यांच्या गजरात झाला तर त्याने काय समजावे?

उपाय म्हणून अभंग गाणे बंद करा असे मी म्हणणार नाही. तो तर आणखी एक अडसर होईल. गावाच. पण दुसऱ्या कडव्यापाशी क्षणभर थांबावे आणि ते कोणी, कुठे उभे राहून म्हटले आहे हे मुलांना दोन वाक्यांत सांगावे. इकडे वाढलेल्या मुलांना ‘सोवळे’ आणि ‘विटाळ’ हे शब्द माहीत नसतात. न्याय-अन्याय मात्र चटकन कळतो. सोयराबाईचा दुसरा अभंगही एखाद्या वर्षी घ्यावा, कर्ममेळ्याचाही घ्यावा. रोहिणी मोकाशी-पुणेकर यांनी चोखोबांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर केले आहे; त्याचे नावच ‘ऑन द थ्रेशोल्ड’. मराठी न वाचणाऱ्या आपल्या मुलांच्या हातात ते द्यायला हरकत नाही.

दीर्घ प्रतीक्षेत श्रद्धा कशी टिकते, या प्रश्नाला चोखोबांच्या घराने दिलेले उत्तर धीर धरण्याचे नाही. त्यांची श्रद्धा टिकली ती गप्प न बसल्यामुळे. देवाला घाई करायला सांगून, विटाळाला जाब विचारून, प्रसंगी देवालाच शरम आहे का असे विचारून त्यांनी नाते चालू ठेवले. सहाशे वर्षे ताटकळत राहण्यात थोरवी काहीच नव्हती. थोरवी होती ती त्या काळातही बोलत राहण्यात. धीर धरा, देव पाहतो आहे, असे त्यांना सांगणारे लोक तेव्हाही असतील. देव पाहतच होता. दार उघडणे हे त्याचे काम नव्हते, ते आतल्या माणसांचे होते.